‘जाते’ म्हणायचं राहिलं

बँकॉकच्या विमानतळावर शिक्के मारणाऱ्या एका साहेबाने मला इंग्रजीत विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? मी म्हणाले, "नो गो. कम." त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, जरा सावकाश. मी पुन्हा तेच म्हणाले, या वेळी हात हलवून, हसून, घरच्या माणसाची समजूत काढावी तसं. परतीचं तिकीट माझ्या पिशवीत होतं. लेकीने फोनवर पाठ करून घेतलेलं उत्तर डोक्यात होतं. तोंडातून निघालं ते हे. साहेबाने माझा पासपोर्ट मिटला आणि बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलं.

का म्हणाले, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातून निघणारी बाई ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. बाजाराला निघाली तरी येते, माहेराहून निघाली तरी येते, शेजारणीच्या ओट्यावरून उठली तरी येते. ‘जाते’ हा शब्द आम्ही मेलेल्यांसाठी राखून ठेवला आहे. त्यातून मी तर अजून लेकीच्या दारातही पोचले नव्हते. काचेच्या पलीकडे कुठेतरी नात उभी असणार, आणि हा माणूस उंबऱ्यातच विचारून राहिला होता की तू जाशील कधी. माझ्या जिभेला तो शब्द उचलवला नाही.

केनवडच्या बाजारात मी हा किस्सा किती वेळा सांगितला असेल त्याला गणती नाही. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता सांगते. साहेबाची मान कशी हलत होती त्याची नक्कल करते, माझ्या स्वतःच्या हसण्याची तर जास्तच करते. बाया पोट धरून हसतात. एक जण म्हणाली, "काकू, तुमाले परदेशातून हाकललं थे बरं झालं, नाईतं आमाले हसवलं असतं कोनं?" मीही हसते. किस्सा खरा आहे, त्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त मला परत पाठवलं ते त्या शब्दासाठी नव्हे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही.

आता पहिल्यापासून सांगते.

आमचा भाजीपाल्याचा मळा शिरपूरच्या अलीकडे आहे. मेथी, पालक, सांबार, वांगी, थोडी मिरची. माझी लेक याच वाफ्यांत वाढली आणि अकोल्याला शेतकी शिकली. पुढे ती भाज्यांचं बियाणं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली, आणि कंपनीने तिला बँकॉकजवळच्या शेतावर नेलं. मिरचीवर मिरची चढवून नवा वाण काढायचा, हे तिचं काम. जावई संगणकावरचं काम करतात, तेही तिकडेच. नात झाली, लेकीची बाळंतपणाची सुट्टी संपत आली, आणि पोरीला सांभाळायला कोण, असा प्रश्न आला. मी म्हणाले, मी आहे ना.

नेमकं त्याच सुमाराला तिकडच्या सरकारने आपल्या लोकांना व्हिसाशिवाय यायची मोकळीक दिली होती. तिकीट काढायचं, विमानात बसायचं, उतरल्यावर शिक्का घ्यायचा आणि साठ दिवस राहायचं. आता किती दिवस आहेत ते ज्याचं त्याने विचारून घ्यावं, तिकडचा नियम आपल्या बाजारभावासारखा आहे, सकाळचा दुपारी नसतो. पण तेव्हा साठ होते, आणि मला ते कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, हा तर पालक आहे. पालकाचा वाफा एकदा लावला की कापायचा, पाणी द्यायचं, तो पुन्हा फुटतो. पुन्हा कापायचा. साठ दिवस संपले की घरी यायचं, थोडं थांबायचं, पुन्हा जायचं, पुन्हा साठ. जन्मभर पालक कापलेल्या बाईला हे एका झटक्यात समजलं. त्याच बाईला हेही ठाऊक होतं की तीन-चार कापण्यांनंतर पालक फुलावर जातो, पान कडसर होतं, आणि मग वाफा उपटून टाकावा लागतो. एवढं मात्र तिने मनात येऊ दिलं नाही. ती बाई म्हणजे मीच, पण वयाने थोडी लहान, नुकतीच साठी ओलांडलेली, म्हणून अंगात मस्ती होती.

लेक मात्र कापणीवर खूश नव्हती. पहिल्या खेपेलाच तिने मला समजावून सांगितलं होतं. ही मोकळीक पाहुण्यांसाठी आहे. देश पाहायला या, लेकराला भेटा, परत जा. राहायला येणाऱ्यांसाठी ती नाही. कागदावर साठ दिवस लिहिले असले तरी आत घ्यायचं की नाही ते शिक्का मारणाराच ठरवतो, आणि कोणी लागोपाठ येऊ लागलं की त्याला वाटतं, हा पाहुणा नाही, हा बिऱ्हाडकरू आहे. आईला लेकीजवळ राहता येईल असा वेगळा व्हिसा असतो, तो आपण काढू, असं तिचं म्हणणं. त्याला तिचा जन्मदाखला लागत होता, मी तिची आई आहे हे दाखवायला.

आणि इथे घोडं पेंड खात होतं. लेक जन्मली माझ्या माहेरी, किन्हीराजाला. माझ्या वडिलांनी ग्रामपंचायतीत नोंद केली आणि आईच्या नावाच्या जागी माझं घरातलं लाडाचं नाव सांगून मोकळे झाले. पासपोर्टवर मी एक, दाखल्यावर दुसरीच. ते सुधारायचं तर किन्हीराजाला जा, मग मालेगावला तहसिलीत जा, प्रतिज्ञापत्र करा, दोन म्हातारे साक्षीदार शोधा. माझं लाडाचं नाव ठाऊक असलेली माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती मला त्याच नावाने चारचौघांत हाक मारतात. मला लाज वाटत होती, हे एक. चकरांचा कंटाळा, हे दुसरं. मी लेकीला म्हटलं, "दार उघडं हाय तं खिडकीतून कायले जाऊ?" तिने हात टेकले. माझं असं काही बोलणं झालं की ती हात टेकते, आणि मी त्याला जिंकणं समजत आले.

तिकडे मला गंमत फार होती, हेही लिहायला हवं. घरी मुलाने आणि सुनेने मळा हाती घेतला होता. पाण्याच्या नळ्या अंथरल्या, वाफ्यांवर प्लास्टिक घातलं, रोपं बाहेरून आणू लागले. चांगलं करतात, वाईट काही नाही. पण मी बांधावर उभी राहिले की सून पाणी आणून द्यायची, विळा नाही. बँकॉकला मात्र सकाळी लेक-जावई निघाले की सारं घर माझं. नात माझ्या मांडीवरच बोलायला शिकली, आणि शिकली ती वऱ्हाडी. बापाने खेळणं पुढे केलं की म्हणायची, "मले नाई पायजे." जावयाच्या आईने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, हे फोनवर ऐकलं. विहीणबाई नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका. त्या हसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या की लहानपणीच शुद्ध बोलायची सवय लागली तर पुढे बरं पडतं. मी त्या दिवशी नातीला आणखी दोन शब्द शिकवले.

विहीणबाईंचं एक सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर बसलेलं आहे. त्यांनी कधी माझं वाईट चिंतलं नाही. त्यांना नातीचा लळा होता, वेळही होता, आणि त्यांचे कागद सगळे जागच्या जागी होते. पहिल्याच वर्षी त्या म्हणाल्या होत्या की मी व्हिसा काढून ठेवते, गरज पडली तर मला बोलवा. मला ते ऐकून वाटलं, माझ्या वाफ्यात दुसऱ्याने विळा घातला.

दुसऱ्या खेपेचे साठ दिवस संपत आले तेव्हा नात तापाने आजारी होती, आणि मला निघवेना. चौकशी केली तर कळलं की घरी यायचीही गरज नाही. शेजारच्या देशाची हद्द एका नदीवर आहे. पूल ओलांडून जायचं, तिथल्या नाक्यावर त्यांची परवानगी घ्यायची, काही वेळ बसायचं आणि पूल ओलांडून परत यायचं. नवा शिक्का, नवे दिवस. जमिनीवरून असं वर्षाला दोनदाच चालतं म्हणे, पण मला तर एकदाच हवं होतं. लेक नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, "लोकं करून राह्यले, मंग मीच काहून नाई?" लोकांना नेणारी व्हॅन असते, त्यात मला एकटीला बसवलं. बाकी सगळे गोरे, अर्ध्या चड्ड्या घातलेले, आणि त्यांच्यात नऊवारी नसली तरी सहावारी नेसलेली मी, मांडीवर डब्यात भाकर आणि ठेचा. पलीकडच्या देशात मी एक केळ खाल्लं. तो देश मी पाहिला तो एवढाच.

परत येताना नाक्यावर एक बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिने पासपोर्टची पानं मागेपुढे केली. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा." मी आजी असून तिने मला मामा केलं म्हणून मला हसू आलं. ती हसली नाही. एका पानावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, आणि अगदी सोप्या इंग्रजीत सांगितलं की धिस टाइम ओके, नेक्स्ट टाइम व्हिसा. मला कळलं नसेल असं वाटून तिने ‘व्हिसा’ हा शब्द पुन्हा उच्चारला आणि समोरच्या यंत्रात काहीतरी टाइप केलं. मग शिक्का मारला.

मला कळलं होतं. मी सातवी शिकलेली आहे, आणि तो शब्द तर लेक सकाळ-संध्याकाळ माझ्या कानात घालत होती.

परतीच्या व्हॅनमध्ये मी ठरवलं की हे सांगायचं. खरंच ठरवलं होतं. मग विचार आला की सांगितलं तर लेक म्हणेल, बस झालं आई, आता किन्हीराजाचं काम होईपर्यंत तू घरीच राहा. तोवर पोरीजवळ कोण? तर विहीणबाई. त्या येतील, नातीला ‘मला नको आहे’ म्हणायला शिकवतील, आणि मी केनवडच्या बाजारात बसून फोनवर पाहत राहीन. घरी पोचले. लेकीने दार उघडताच विचारलं, "काय इचारलं त्याइनं?" मी चपला काढता काढता म्हटलं, "काई नाई. त्या पोरीले माह्यं लुगडं आवडलं." लेक हसली. जावई हसले. नातीचा ताप उतरला होता, ती येऊन मला बिलगली, आणि माझी खात्री झाली की मी केलं ते बरोबरच केलं.

त्याच मुक्कामात लेकीपुढे एक मोठं काम चालून आलं. तिने हंगामामागून हंगाम निवडत आणलेली एक मिरची होती. तिखट, पण पातळ सालीची, उन्हात लवकर वाळणारी. आपल्याकडच्या बाईला वाळवणाला हवी तशी. कंपनीला ती पसंत पडली होती. उत्तरेकडच्या मोठ्या शेतावर तिची चाचणी घ्यायची आणि ते सगळं काम लेकीने पाहायचं, असं ठरत होतं. म्हणजे महिन्यातले कितीतरी दिवस घराबाहेर. ती घरी येऊन त्या मिरचीबद्दल बोलायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला माझा बाप दिसायचा, पहिली वांगी तोडताना दिसायचा तसा.

एका रविवारी ती भाजी निवडत माझ्यासमोर बसली. म्हणाली, विहीणबाईंचा फोन होता. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची वेळ ठरली आहे, पण तुम्हाला गरज असेल तर ते पुढे ढकलून आधी तिकडे येते, असं त्या म्हणून राहिल्या आहेत. मग लेकीने हातातली भाजी खाली ठेवली आणि मला विचारलं, "आई, खरं सांग. पुढच्या खेपी तू नक्की येशीन ना? तुह्या भरोशावर मी हो म्हनून राह्यली."

सांगायची ती वेळ होती. तिने ‘खरं सांग’ असंही म्हटलं होतं. मी मान वर न करता म्हणाले, "कायले त्याइचं ऑपरेशन पुढं ढकलते? मी हावो ना."

ती हो म्हणाली. विहीणबाईंनी ऑपरेशन करून घेतलं. मी साठ दिवस संपवून घरी आले, मुगाच्या वड्या घातल्या, नातीसाठी झबली शिवून घेतली, आणि चौथ्या शिक्क्यासाठी निघाले. निघताना अर्थात ‘येते’ म्हणाले.

आता त्या खोलीचं. ‘नो गो, कम’ म्हटल्यावर मला जिथे पाठवलं ती. तिथे खुर्च्या होत्या, थंडगार हवा होती, आणि माझ्यासारखेच आणखी काही जण मान खाली घालून बसले होते. एक मोठा अधिकारी आला. त्याने परतीचं तिकीट पाहिलं, माझ्याजवळचे पैसे पाहिले, लेकीचा पत्ता पाहिला. सगळं ठीक होतं. माझी भाषा त्याला कळेना तेव्हा त्याने फोन लावला, त्यावर हिंदी बोलणारी एक बाई आली, तसा त्याने फोन माझ्या हाती दिला. म्हणजे ‘गो’ आणि ‘कम’चा घोळ तिथेच संपला. मी तिला हिंदीत नीट सांगितलं की आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, मला साठ दिवसांत परत जायचंच आहे. तिने ते त्याला सांगितलं. तो अधिकारी चक्क हसला. त्यांच्याकडेही असं काही असावं.

मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि फोनवरच्या बाईने तो मला हिंदीत दिला: मागच्या वेळी तुम्हाला व्हिसा काढून या असं सांगितलं होतं का?

मी म्हणाले, "नहीं."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. अधिकाऱ्याने फोन ठेवला, समोरचा पडदा माझ्याकडे वळवला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या पुलाच्या दिवसाची तारीख आणि माझा पासपोर्टमधला तोंडवळा ओळखू आला. नाक्यावरच्या त्या पोरीने टाइप केलं होतं ते हे. त्याने पडदा परत फिरवला. रागावला नाही. आवाजही चढवला नाही. त्यानंतर माझ्याशी कोणी हसलं नाही, एवढंच.

लेक बाहेर उभी होती, नातीला घेऊन. तिला आत येऊ देत नव्हते आणि मला बाहेर जाऊ देत नव्हते. फोनवर बोलणं झालं. मागून नातीचा आवाज येत होता, "आजी काहून नाई येत?" ज्या विमानाने आणलं त्याच कंपनीच्या पुढच्या विमानाने मला परत धाडलं. पासपोर्टवर प्रवेश नाकारल्याचा शिक्का बसला. तो आता माझ्या जन्माचा सोबती आहे. कुठल्याही देशाचा अर्ज भरताना एक प्रश्न असतोच, तुम्हाला कधी परत पाठवलं होतं का, आणि तिथे मला खरं लिहावं लागणार. लिहायला मी शिकले आहे, उशिरा का होईना.

लेकीने विचारलं, काय झालं असं? मी तिला ‘नो गो, कम’ सांगितलं. तेवढंच सांगितलं. ती इतकी दमलेली होती, तरी तिला हसू फुटलं, आणि ते हसू ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून हा किस्सा मी सांगत आले.

तिकडे काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण लांबवून लिहायला माझा हात धजत नाही. विहीणबाई पलंगावर होत्या, गुडघ्याला टाके. जावयांचं कामही फिरतीचं झालेलं. नातीला एका पाळणाघरात ठेवलं. तिथली भाषा तिला येईना, आणि तिची भाषा, जी मी मुद्दाम शिकवली होती, ती तिथे कोणालाच येईना. तिने खाणं सोडलं. बोलणंही सोडलं. महिना-दीड महिना लेकीने ओढलं, मग उत्तरेकडचं काम परत केलं. ती मिरची दुसऱ्या कोणाच्या हाती गेली. चाचणी चांगली झाली म्हणे. वाणाला नाव मिळालं, ते लेकीने ठेवलेलं नाही.

एवढं होऊन ती मला एक शब्द बोलली नाही. फोनवर मीच विषय काढला की म्हणायची, होतं असं, पुढे पाहू. तिचा तो समजूतदारपणा मला बोचायचा. मग मी बाजारात जाऊन किस्सा सांगायचे. बाया हसल्या की बरं वाटायचं. संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन घरी येताना पुन्हा वाटेनासं व्हायचं.

या उन्हाळ्यात लेक नातीला घेऊन आली. घर भरलं. दुसऱ्या दिवसाच्या बाजारासाठी आम्ही दोघी मळ्यात सांबार उपटत होतो. नात पाटाच्या पाण्यात पाय घालून बसली होती. शेजारच्या मळ्यातली एक बाई बांधावर आली, आणि तिने मला तो किस्सा सांगायला लावला. मी सांगितला, साहेबाची मान हलवून, सगळं. बाई हसत हसत गेली. लेकही हसली. मग मुळांची माती झटकता झटकता म्हणाली की आई, त्यात चूक माझीच होती. उत्तर पाठ करून घेतलं, पण ‘जाते’ म्हणायचं तुझ्याकडून वदवून घेतलं नाही. मला ठाऊक होतं ना, तू तो शब्द उच्चारत नाहीस. तिकडची इतकी वर्षं काढून मी कशी विसरले? आजही कधी कधी झोप लागत नाही, वाटतं, मीच माझी मिरची घालवली.

माझ्या हातातली जुडी सुटली. मी इतके दिवस समजत होते की माझं खोटं माझ्याजवळ पडून आहे, माझ्या पोटात, कोणाला त्रास न देता. ते तिकडे तिच्या उशाला जाऊन बसलं होतं.

मी सांगितलं. पुलापासून सांगितलं. केळ, ती पोरगी, बोट ठेवलेली दोन पानं, नेक्स्ट टाइम व्हिसा. लुगडं कोणाला आवडलं नव्हतं, तेही. रविवारी भाजी निवडताना मी मान का वर केली नाही, तेही. विहीणबाईंबद्दल बोलताना माझी जीभ अडखळली, पण ते गाळून बाकीचं सांगणं म्हणजे पुन्हा तोच धंदा झाला असता. ‘नहीं’ म्हणाले ते शेवटी सांगितलं.

ती जुड्या बांधत राहिली. तिची जुडी माझ्यापेक्षा सुबक असते, मुळं एका रेषेत, पानं मोकळी. त्या दिवशी तिने सगळ्या जुड्या तशाच बांधल्या, एकही वेडीवाकडी नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. तिने पोत्यात सांबार भरला, पाणी शिंपडलं, नातीचे पाय पुसले आणि घरी गेली. पुढचे दिवस ती माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. मीठ दे. दार लाव. पोट्टीले झोपव. मी रोज वाट पाहत होते की ती रागावेल. एकदा तर मुद्दाम भाजी करपवली. तिने खाल्ली.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. सुनेने तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मुलाने पिशव्या ठेवल्या. नात माझ्या गळ्यात पडून ‘येतो आजी’ म्हणाली, पोरासारखं, आणि सगळे हसले. लेक वाकून पाया पडली. मी वाट पाहत होते त्या एका शब्दाची, जो प्रत्येक लेक आईच्या दारातून निघताना म्हणते आणि ऐकणाऱ्या आईला तो कानाआड करायची सवय असते. त्या दिवशी मी दोन्ही कान उघडे ठेवले होते.

ती गाडीत बसली, दार ओढून घेतलं, मग काच खाली केली. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली:

"मी जाते, आई. या खेपी येते म्हनत नाई. तुलेच यायचं असंन तं किन्हीराजाले जाय, माह्या दाखल्यावरचं तुह्यं नाव सुधरवून घे, अन् व्हिसा काढून ये."